मणक्यातल्या पाण्याचं दुसरं मोजमाप

८ जानेवारी, नागपूर
बाबांच्या मणक्यातलं पाणी काढलं आज. सुई दोनदा टोचावी लागली. कुशीवर, गुडघे पोटाशी, माझं बोट घट्ट धरलेलं. रिठदला तीस वर्षं पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार गुंडाळली याच हातांनी. आता तार सरळ धरवत नाही. दुपारी खाटेखाली मांजर दिसते त्यांना, नसलेली.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पेशींतला कचरा साफ करणारं एक एन्झाइम या पाण्यात मोजायचं. कमी निघालं तर या कंपाच्या आणि विसरण्याच्या आजारावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत बाबांना घेता येईल.
पहिले थेंब गुलाबी होते, म्हणजे रक्त मिसळलं. ते बाजूला काढलेच नाहीत. ड्यूटी बदलत होती, ट्यूब टेबलावर तशीच. बर्फ नाही. तासभर तरी. मी स्वतः लॅबवाली, आणि बसून पाहत राहिले. बोलले का नाही?

११ जानेवारी, रिठद
बाबा उठून बसले की डोकं ठणकतं. आडवे झाले की बरं. पाणी काढल्यावर होतं असं, मॅडमनी आधीच सांगितलेलं. पण आईला कोण समजावणार. "कायले नेलं त्याइले तिकडं? जित्या मानसाच्या पाठीत सुया!"

३० जानेवारी
रिपोर्ट आला. एन्झाइम कमी. बाबा चाचणीत बसतात!
दादाचा पुण्याहून फोन, आवाज रडका. आईने देवापुढे साखर ठेवली. मी पण खाल्ली.
टेबलावरची ती ट्यूब आठवली.

१ फेब्रुवारी
आज वाशीमला आमच्या लॅबमध्ये एका बाईंना परत रक्त द्यायला लावलं. ट्यूब उन्हात राहिलेली, आकडा खरा नसता आला. त्या कुरकुरल्या. मी ठामपणे म्हटलं, चुकीच्या रिपोर्टवर औषध घ्याल का?
मग दिवसभर तेच डोक्यात. बाबांच्या पाण्यात एन्झाइम खरंच कमी, की टेबलावर पडून मेलं? आणि ते रक्त? ते आकडा कुठे नेईल, देव जाणे. कमी नसेल तर त्या औषधाचा उपयोग काय? उलट त्रासच.
पण सांगितलं तर संधी जाते. न सांगितलं तर…

२ फेब्रुवारी
सकाळचा तास बाबांचा चांगला असतो. चहा पाजला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, कळलंच नाही.
मग म्हणाले, "मोटर खोलाच्या आंधी मीटर बराबर हाय का थे पाह्यलं होतं का तुमी?"
"नाही बाबा."
"मंग कोनत्या भरवशावर खोलून राह्यले मले?"

३ फेब्रुवारी
मॅडमना फोन केला. तास, बर्फ, रक्त, सगळं. त्यांनी एकेक लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." गोठवून ठेवलेला थोडा भाग उरलाय, तो परत मोजतील.
दादाला कळलं. "तोंड उघडलं काहून तू? बाबाचं नुकसान करून राह्यली!" मी फोन आईकडे दिला. आईने तो तसाच बंद केला आणि आत गेली. ते जास्त लागलं.

१० फेब्रुवारी
एकच सॅम्पल, आणि आकडा दुसराच. पहिला रिपोर्ट रद्द. मॅडम म्हणाल्या, चूक आमच्याकडची. पाणी परत काढावं लागेल, तुमची तयारी असेल तरच.
आई: "नाई."
बाबा: "पाठ माही हाय ना?"

१९ फेब्रुवारी, नागपूर
काढलं. या वेळी सुई एकदाच. पहिले थेंब वेगळे टाकले, पुढचं स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. ट्यूब लगेच बर्फात. मॅडम स्वतः उभ्या होत्या. दोन वेगळ्या दिवशी मोजणार, आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल सोबत लावून, म्हणजे मीटरही तपासलं जाईल.
बाबांनी मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. ओ दिली.

८ मार्च, रिठद
मॅडमचा फोन. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले. आता आकड्यावर विश्वास ठेवता येतो.
पण तो बरोबर काठावर आहे. कमी म्हणावं तर कमी, नाही म्हणावं तर नाही. चाचणीत घ्यायचं की नाही, हे ठरवायला समिती बसेल. केव्हा, नक्की नाही.
दादाला कळवलं. "हं," म्हणाला. ठेवला नाही मात्र फोन. बाबा जेवले का, विचारलं.
बाबांना सांगितलं. "म्हंजे मोजलं बराबर."
"हो."
"मंग मी किती दिवस तुले वळखीन, थे निंघालं का त्याच्यात?"
"ते नाही मोजता येत, बाबा."
मान हलवली. सदरा मागितला. मी दोन बटणं लावली, तिसऱ्याला त्यांनी माझा हात बाजूला सारला. स्वतः लावायचं म्हणे.
समोर बसून हे लिहितेय. अजून लावताहेत.