डाव्या चाकाचा अभ्यास

सोमवार, २ फेब्रुवारी
गाडीच्या पुढच्या चाकातून घुंई असा आवाज. वेगाबरोबर वाढतो. निदान: बेअरिंग गेलं. निदानाला लागलेला वेळ, चार सेकंद. हिला सांगितलं तर म्हणाली, मी महिनाभर तेच सांगतेय. लोकांना श्रेय लाटायची फार घाई.

गाडी मूळ सासऱ्यांची. छोटी, दोन दरवाजांची, माझ्या वयाची. नजर गेल्यावर त्यांनी ती हिला दिली, म्हणजे मलाच. बावीस तारखेला त्यांच्या जुन्या शाळेत त्यांचा सत्कार आहे. आपल्याच गाडीतून जायचं म्हणताहेत. वय सत्त्याऐंशी, इच्छा एकच, आणि ती माझ्या हातात. निर्धास्त राहा म्हणालो.

बुधवार, ४ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. केवळ शिष्टाचार म्हणून. माणसाचे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, वाचन शून्य. एक चक्कर मारून म्हणाला, उजवं बेअरिंग गेलंय, उद्या सोडा, संध्याकाळी न्या. मी विचारलं, कोणतं घालणार? साधं गोळ्यांचं की टेपर रोलर? म्हणाला, जुनं काढलं की त्यावर नंबर असतो, तोच आणायचा. झालं. एवढीच विद्वत्ता.

शिवाय आवाज डावीकडे वळताना वाढतो. म्हणजे डावं चाक. शेंबड्या पोराला कळेल. याला नाही. म्हणे डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. हसून निघून आलो.

ठरलं. निवड मी करणार, बसवणारही मीच.

शनिवार, ७ फेब्रुवारी
नवी वही घेतली. पानांवर रकाने आखले. तीन कॅटलॉग डाउनलोड केले. रुंदी, भार, पिंजरा पितळी की पत्र्याचा. अशा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथे सविस्तर प्रश्न टाकला. एकानेच उत्तर दिलं: कोणतंही घ्या, पण नीट बसवा. असल्या लोकांमुळे शास्त्र पुढे जात नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी
स्पेअर पार्ट्सचं दुकान. काउंटरवर एक बाई, चष्मा कपाळावर. मी टेपर रोलरची तत्त्वं समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिने माझ्या मागच्या चार गिऱ्हाइकांना वाटेला लावलं. मग विचारलं, जुन्याचा नंबर काय? इथेही तेच. मी म्हणालो, मी जुन्या नंबरांवर जगत नाही. ती म्हणाली, टेपर घालणार असाल तर नट मोजून आवळा, आणि हातोडा लावू नका, प्रेस मशीनवर दाबून बसवून घ्या.

काही घेतलं नाही. विकणाऱ्याने विकावं, शिकवू नये.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
हिने सासऱ्यांना गाडीतून फिरवून आणलं. मी मागे बसलो होतो, वही मांडीवर. सासरे डॅशबोर्डवर तळवा टेकून बसले होते. चौकातल्या वळणावर म्हणाले, "जावईबापू, उजवं आहे."

ज्यांना समोरचा चहाचा कप चाचपावा लागतो, ते चाक दाखवताहेत. मी बरं म्हणालो आणि वहीत ‘डावं’ अधोरेखित केलं. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा.

सोमवार, १६ फेब्रुवारी
निर्णय. जर्मन, टेपर रोलर, डाव्या चाकासाठी. ऑर्डर दिली. उजव्यासाठी मागवणं म्हणजे मेकॅनिकपुढे नाक घासणं. हिने विचारलं, बसवता येईल ना? या प्रश्नातच अविश्वास आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
बेअरिंग आलं. डोळ्यांचं पारणं फिटलं. रजा टाकून अंगणात काम. जुनं निघेना, हातोडा. नवं बसेना, हातोडा, पण सभ्यपणे. नट हाताच्या अंदाजाने आवळला. मोजमाप ज्यांना अंदाज नसतो त्यांच्यासाठी.

चालवून पाहिली. आवाज आहे. नीट ऐकलं तर दोन आहेत. नवं बेअरिंग रुळायला वेळ घेतं.

शनिवार, २१ फेब्रुवारी
ही म्हणाली, उद्या टॅक्सी सांगते. मी हमी दिली. लेखी द्यायला तयार होतो. कागद आणायला गेलो तर तीच म्हणाली, राहू दे, बाबांना गाडीच हवीय.

रविवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळ.
सासरे सकाळपासून तयार. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी दोनदा. पुढे माझ्या शेजारी बसले. निम्म्या वाटेवर जळका वास, मग धूर. उजव्या चाकातून. गाडी जागची हलेना. सासऱ्यांनी फक्त विचारलं, किती वाजले. मी कारण समजावू लागलो तर ही म्हणाली, "आता एक शब्द नको."

मेकॅनिकला तिनेच फोन केला. तो टेम्पो घेऊन आला. सासऱ्यांना उचलल्यासारखं करून पुढे बसवलं. ही मागे हौद्यात, रेशमी साडी सावरत, टायरांमध्ये उभी. कोणीतरी गाडीपाशी थांबायलाच हवं होतं. मी थांबलो. साडेतीन तास.

सत्कार वेळेवर झाला म्हणे. पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर मेकॅनिक बसला. ग्रीससकट. सासऱ्यांनी भाषणात त्याचे आभार मानले. मला फोटोवरून कळलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. दोन्ही चाकं उघडलेली. उजव्या बेअरिंगचा भुगा. डावीकडचं मी काढलेलं जुनं बेअरिंग ठणठणीत होतं म्हणे. नवं त्याने पुसून माझ्या तळहातावर ठेवलं, फिरवा म्हणाला. फिरवलं. खरखर. आत हातोड्याचे खड्डे.

"साहेब, माल मात्र चांगला निवडला होता," म्हणाला.

यावर चोख उत्तर सुचलं, पण तोवर तो जेवायला गेला होता.

रविवार, १ मार्च
गाडी आली. जुन्या नंबराची साधी बेअरिंग्ज घातलीत. किल्ली हिच्याकडे. ही चालवते, सासरे पुढे. मी मागे, गुडघे हनुवटीला. हे मीच सुचवलं असतं. चाकांचं निरीक्षण मागूनच नीट होतं.

दीड तास कान लावून बसलो. पुढे दोघं काहीतरी बोलून हसत होती. दुसरा कसलाही आवाज नव्हता.