तापाचा तक्ता

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. जून १९९३ मध्ये तू दहा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलीस. तुर्भ्याच्या एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. मी दहा वर्षांची होते.
२. ऑगस्टमध्ये मला सहा दिवस ताप होता.
३. सातव्या दिवशी तू राजीनामा दिलास.
४. सहापैकी पाच दिवस मला ताप नव्हता.

चौथा मुद्दा मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

नेरूळच्या आपल्या स्वयंपाकघरात तू मला दूध मोजायला शिकवते आहेस. ओट्यावर प्रयोगशाळेतून आणलेलं, कड उडालेलं काचेचं मोजपात्र. "वाक. डोळा दुधाच्या पातळीला आण. वरून बघितलंस की तुला हवं ते दिसतं." मी वाकते. त्या दिवसांत तू भराभर बोलायचीस. तुझ्याहून आठ वर्षांनी लहान साहेब, तू कधी न हाताळलेला आकडे दाखवणारा तराजू, सगळं जेवताना सांगायचीस. एकदा तुझ्या हाताखालच्या एकाने चाचणी न करताच खुर्चीत बसून आकडे लिहिले आणि तू ते पकडलेस. "अगं, दर तासाला बरोब्बर दोनाने वाढ! खरे आकडे असे रांगेत उभे राहतात का कधी?" तू इतकी हसलीस की ठसका लागला. बाबा म्हणाले, "भाजीत मीठ नाहीये."

पहिल्या दिवशीचा ताप खरा होता. तुला पहिले तीन महिने सुट्टी नव्हती, म्हणून करावे गावाहून आपल्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला येणाऱ्या मावशींना तू दिवसभर माझ्याजवळ बसायला सांगितलंस. चौकटीच्या कागदावर तक्ता आखून दिलास. वेळ, ताप, सही. नऊ, बारा आणि तीन वाजता. "जे दिसेल तेच लिही," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दिसले. म्हणजे उद्यापासून पुन्हा शाळा, गळ्यात किल्ली आणि पाच वाजेपर्यंत रिकामं घर. मावशींनी दिलेला चहा मी कोमट होऊ दिला आणि त्या भांडी घासायला उठल्यावर थर्मामीटर त्यात बुडवला. पारा फार वर गेला की झटकून खाली आणायचा, हे मला तासाभरात जमलं.

संध्याकाळी तू थर्मामीटर लावलास की ताप उतरलेला असायचा. डॉक्टरांना काही सापडेना. मावशी मात्र माझ्या कपाळावरचा हात काढत तुला म्हणाल्या, "पोरीचं आंग तं थंडगार हाय गो. कंचा ताप? तुजा काचंचा दांडा खोटं बोलतंय."

तू चप्पल काढत होतीस. म्हणालीस, "मावशी, तिने लिहिलंय ना. म्हणजे बघूनच लिहिलं असणार."

सहाव्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "झाली ना हौस? आता पोरीकडे बघ." तू गॅस बारीक केलास. पुढे प्रयोगशाळेतल्या तुझ्या पांढऱ्या एप्रनमधून तू मिक्सरचं कव्हर शिवलंस. खिसा तेवढा तसाच ठेवलास. दुधाच्या पिशव्यांचे रबरबँड त्यात टाकायचीस. तू त्यानंतर नोकरी केली नाहीस. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. हॉस्पिटलात अकरा दिवस होतीस, त्यातले नऊ दिवस शुद्धीवर. मी तुझ्याशेजारी बसून प्रॅक्टिकलची जर्नल्स पूर्ण केली.

गेल्या आठवड्यात माझी प्रमाणपत्रं शोधताना तुझी जुनी फाइल उघडली. त्यात तो तक्ता आहे. पहिल्या दिवशीचे आकडे वेडेवाकडे: १००.६, १०१.३, ९९.८. पुढचे पाच दिवस एकशे एक पॉइंट दोन, चार, सहा. रोज तेच. समासात तू बारीक पेन्सिलने फरक काढले आहेस. ०.२, ०.२, ०.२, शेवटच्या ओळीपर्यंत. खाली, कारखान्यात करायचीस तसं, 'तपासले', सही आणि तारीख. तारीख राजीनाम्याच्या आदल्या दिवशीची आहे.

वीस वर्षं मी समजत होते की तू फसलीस. त्याची लाज होती, पण तिची मला सवय झाली होती. तुला माहीत होतं आणि तरी तू सही केलीस, याचं काय करायचं ते मला कळत नाही. बाबांना तक्ता दाखवला असतास, मला एक थोबाडीत दिली असतीस, तर दुसऱ्या दिवशी तू परत तुर्भ्याला गेली असतीस. मी रडले असते आणि चार दिवसांनी विसरले असते. दहा वर्षांच्या मुलीचा हट्ट तेवढाच टिकतो. तू तो खरा धरलास. की बाबांच्या त्या वाक्यानंतर तुला कुठलं तरी कारण हवं होतं, आणि घरात तेवढं एकच लिहिलेलं होतं?

हे विचारायचं कारण असं. माझी मुलगी परवा तीन वर्षांची झाली. तिच्या जन्माच्या वेळी सोडलेली नोकरी मला परत मिळते आहे. सोमवारी सकाळी दहापर्यंत हो की नाही कळवायचं आहे. घरी कुणाचा विरोध नाही. काल ती जरा किरकिर करत होती म्हणून थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी तो झटकला आणि पुन्हा लावला. ताप निघावा असं मला वाटत होतं, आई.

हा कागद तुझ्या फाइलमध्ये तक्त्याखाली ठेवते आहे. तू सही का केलीस, एवढंच सांग. रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे.