काचेपलीकडचं बोलणं

लंडन, १४ फेब्रुवारी १९२७

प्रिय एडना,

तुझं पत्र पोचलं. गिरणीतले माझे चार माग त्या बडबड्या फ्लोरीकडे गेले हे वाचून जीव जळला. ती धागे सांभाळणार की गप्पा मारणार?

इथे कॉलेजात माझं बरं चाललंय. सगळ्या आपल्यासारख्याच कामकरी बायका: एक बिस्किटांच्या कारखान्यातली, दोघी मोलकरणी, एक शिंपीण. वर्षभर नुसतं वाचायचं, लिहायचं, तेही दिवसाउजेडी. अजून चोरी केल्यासारखं वाटतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी प्रश्न विचारला आणि मी गिरणीतल्यासारखे नुसते ओठ हलवून उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "घसा बसलाय का?" मागांच्या खडखडाटात बारा वर्षं एकमेकींचे ओठ वाचूनच बोललो आपण, आवाज काढायचा असतो हे विसरायलाच होतं. वर्ग खूप हसला, मीही हसले.

बर्नलीतला आपला संध्याकाळचा वर्ग मात्र फार आठवतो. युनियनचा तो गारठलेला हॉल, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय. इतिहासाच्या तासाला मी पेंगले की तू कोपर मारायचीस, "ऊठ गं, राजा मेला, नवा आला, तू झोपलीसच." निबंध तुझेच सरस असायचे, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी या कॉलेजात आपल्या गावाला मिळालेली एकुलती एक जागा निवड समितीने मला दिली. तू म्हणालीस, "मुलाखतीत माझी बोबडीच वळली बघ." मी मान डोलावली.

एडना, तुझ्या मुलाखतीच्या वेळी मी त्या हॉलबाहेरच्या बाकावर बसले होते. दाराला काच होती आणि तुझा चेहरा मला दिसत होता. तू म्हणालीस, "मला नको. सेलिनाला द्या. ती इथे राहिली तर खचेल, मी टिकेन." दार लावलं म्हणून तू निर्धास्त होतीस, आणि तुझ्या शेजारच्या मागावरची मी समोरच बसलेय हे विसरलीस. मी उठून आत यायला हवं होतं. नाही आले. मला जायचं होतं गं, फार जायचं होतं. त्याची लाज आजही वाटते.

म्हणून हे पत्र. तुझे जुने निबंध माझ्याकडेच राहिले होते, ते मी इथल्या बाईंना दाखवले. पुढच्या वर्षीसाठी त्यांना तू हवी आहेस. सोबतच्या अर्जावर तेवढी सही कर. जूनमध्ये मी परत येतेय, तुझे माग मी चालवीन. मुलाखत जुलैत, त्याच हॉलमध्ये. मी बाहेर त्याच बाकावर बसणार आहे, तेव्हा तोंड सांभाळून बोल.

तुझीच,
सेलिना