डावी बाजू थरथरत नाही

भरतदादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. आप्पांना घेऊन मी मंचरला दवाखान्यात चाललेय. शेजारच्या कुंडलिककाकांनी गाडी काढलीय.

कॉम्प्युटरवर गेम खेळायला तू जे दोन वायरलेस कंट्रोलर मागवलेस, त्यातला कुठला ठेवायचा ते आप्पा आज गाड्यांची रेस खेळून बघत होते. काळा त्यांच्या हातात नीट बसला. रेसमध्ये गाडी धडकली की तो हातात थरथरतो. पण म्हणाले, "ह्याची डावी बाजू थरथरत न्हाई गं, परत पाठव." मी हातात घेतला, तर दोन्ही बाजू सारख्याच थरथरत होत्या. पांढरा दिला, तरी तेच म्हणाले. मग मी त्यांच्या डाव्या हाताला जोरात चिमटा काढला. त्यांना तो कळलाच नाही. मग म्हणाले, "तुज्या आईला सांगू नको. लई घाबरंल ती."

आई रानात आहे. ती आली की तूच सांग, पण जवळ बसून सांग. मग दोघं लगेच निघा.

काका हॉर्न वाजवतायत. आप्पा गाडीत बसलेत, खिडकीतून दिसतायत. उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवतायत.

आरोही