तिसरं सिलिंडर

दि. ४ फेब्रुवारी

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

हे पत्र आईच्या आधी तुमच्या हाती पडावं म्हणून पाकिटावर मुद्दाम तुमचं एकट्याचं नाव घातलं आहे. धाकट्याचं एकट्याने करायचं पहिलं उड्डाण ठरलं. शेजारी शिक्षक नाही, कुणी नाही. आणि विमान कुठलं, तर आमच्या फ्लाइंग क्लबचं ते पांढरं. त्याच्याच इंजिनाची नेहमीची तपासणी सध्या माझ्या हातात आहे.

तेल बदललं. फिल्टर कापून घडीन् घडी उलगडून पाहिली, धातूचा कण नाही. प्लग स्वच्छ. मग एकेका सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टिकते ते पाहिलं, तर तिसरं बाकीच्यांपेक्षा कमी धरतं. मर्यादेत आहे, पण कमी. आमचे मोठे इंजिनिअर म्हणाले, चालेल, पुढच्या वेळी बघू. मला मात्र चैन पडेना. धाकटा येऊन विचारून गेला की ताई, इंजिन तपासतेस की लहानपणी माझ्या कानामागचा मळ शोधायचीस तसं चाललंय?

अण्णा, तुमचं आयुष्य इंजिनांत गेलं. सिलिंडर काढून आत पाहू का? हात शिवशिवताहेत. लवकर लिहा, आईला इतक्यात सांगू नका, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
खुडबुडी


दि. ८ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं एकट्याचं नाव होतं म्हणूनच तुझ्या आईने ते आधी फोडलं. तू मला एकट्याला कधी काही लिहीत नाहीस, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तिने पाकिटावरूनच ओळखलं. आता ती माझ्याशी बोलत नाही. जणू धाकट्याला विमानात मीच बसवलं!

ऐक. इंजिन गरम असताना मोजलंस का? थंड इंजिनावरचा आकडा म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाची साक्ष. जमिनीवरच चालव, तापव, पुन्हा मोज. तरी हवा गळली तर कान लाव. एक्झॉस्टच्या नळीत फुसफुस ऐकू आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा. इंजिन स्वतः बोलतं. ते काही बोललेलं नसताना त्याला फाडायचा अधिकार तुला कुणी दिला?

कामगारांच्या सभांत मी घसा फोडून सांगत आलो की, मालकाच्या घाईपुढे मान तुकवू नका. आज पोटच्या पोरीला सांगतो, स्वतःच्या भीतीपुढेही तुकवू नकोस. घाई काय आणि भीती काय, दोघीही पुरावा न बघता हुकूम सोडतात. उद्या त्या विमानात एखादा अनोळखी पोरगा बसणार असता, तर तिसरं सिलिंडर उघडायचं तुझ्या मनात तरी आलं असतं का? खरं उत्तर मला नको, स्वतःला दे.

ठणकावून लिहिलंय खरं, पण परवापासून तुझं पत्र खिशात घेऊनच हिंडतोय. रागामागचं प्रेम तुला वेगळं सांगायला नको.

अण्णा


दि. १२ फेब्रुवारी

ती. अण्णांस व ती. आईस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं तेव्हा सिलिंडर काढून, तपासून, पुन्हा बसवूनही झालं होतं. मला धीर धरवला नाही. आत काहीही नव्हतं. रिंगा ठीक, व्हॉल्व्ह ठीक, भिंतीवर ओरखडा नाही. आणि गरम इंजिनावर मी मोजलंच नव्हतं. तुमचं ते साक्षीचं वाक्य वाचून कान तापले.

बसवताना जिवापाड काळजी घेतली. सिलिंडरच्या बुडाशी गंज धरू नये म्हणून नवा रंगसुद्धा दिला. नट ठरल्या जोराने आवळले, जोर पुरा झाला की वाजणारा पाना दरवेळी टक् वाजला. मोठ्या इंजिनिअरांनीही पाना लावून पाहिला. सगळं बरोबर. मग डोळ्याला डोळा का लागत नाही? आधी संशय इंजिनावर होता, आता माझ्याच हातांवर आहे. धाकटा सगळ्यांना सांगत फिरतो की ताईचा हात लागलाय म्हणजे मी बिनघोर बसणार. अण्णा, हे ऐकवत नाही.

आईने दोन ओळी लिहाव्यात. शिव्या असल्या तरी चालतील, पण आपली म्हणावं.

खुडबुडी


दि. १५ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

विमान उडायला योग्य असल्याच्या कागदावर सही करू नकोस! जाऊन स्पष्ट सांग की, सिलिंडर मी पुराव्यावरून नाही, भीतीपोटी उघडलं. तुमच्या मोठ्या इंजिनिअरांनी पाना लावला तो तुझ्यावर विश्वास ठेवून. विश्वास ठेवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. तुझी भीड नसलेला, धाकट्याचं तोंडही न पाहिलेला जाणता माणूस बोलवा आणि त्याच्यासमोर इंजिन सुरू करा. लाज वाटेल. वाटू दे. लाजेने आजवर कुणी आभाळातून खाली पडलेलं नाही.

अण्णा

ताई, शिव्या समोर आलीस की देईन. धाकट्याला मी अडवलं नाही. फक्त तो वर असताना मला कळवू नकोस, खाली आला की कळव. जेवत जा. — आई


दि. २७ फेब्रुवारी

ती. आईस व ती. अण्णांस सा. न. वि. वि.

सर्वांत आधी, धाकटा खाली आला आहे आणि समोर बसून माझ्या वाटणीची बिस्किटं संपवतो आहे.

आता मागचं. मी सगळं सांगितलं. मोठे इंजिनिअर संतापले, पण त्यांनी पलीकडच्या हँगरमधल्या बाईंना बोलावलं. खिशात सतत भिंग असतं म्हणून त्यांना सगळे भिंगबाई म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांनी इंजिन जमिनीवर चालवायला लावलं, थंड होऊ दिलं, मग वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की नटांखाली रंग कुणी ठेवला.

रंग माझा होता, काळजीने दिलेला. नट धातूवर न बसता रंगावर बसले होते. पाना टक् वाजला तो खोटा. इंजिन तापलं, थरथरलं, तसा रंग दबला आणि दोन नट ढिले पडले. जमिनीवर दोन. हवेत सिलिंडरच सुटू शकलं असतं.

धाकट्याला मीच सांगितलं. त्याला चेष्टा सुचली नाही. उठून गेला तो चार दिवस माझ्याकडे फिरकला नाही. दरम्यान भिंगबाईंनी रंग खरवडून धातू उघडा केला, सिलिंडर नव्याने बसवलं, तपासणी दुसऱ्याच इंजिनिअरने केली. माझी सही कुठेही नाही. धाकटा उडायचं आहे हे सांगायला आला तेव्हा एवढंच म्हणाला की बघायला ये.

आज सगळे कुंपणापाशी धावले. मी कुणा एका डॉक्टरांच्या विमानाचं सिलिंडर बसवत होते. नट ठरलेल्या क्रमाने आवळावे लागतात, मध्येच सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी निम्म्यावर होते. डोक्यावरून तो आवाज गेला, एकसारखा, कुठेही न अडखळता. अण्णा, मान वर करावीशी फार वाटली. केली नाही. पुढच्या नटाच्या जागी बोट फिरवून पाहिलं, धातू उघडा होता. मग पाना लावला.

दोघांचेही हात माझ्या पाठीवर असू द्या.

खुडबुडी