गळती हंगाम

उइटहॉर्न, १७ एप्रिल २०२०

प्रिय जयप्रकाश,

तुला आणि मालिनीवहिनींना नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींची शुगर आणि तुम्हा दोघांची भांडणं जशीच्या तशी असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. (नसून सांगतो कुणाला? साधा ठसका लागला तरी सूनबाई थर्मामीटर घेऊन धावते.) लेकाकडे तीन महिन्यांसाठी आलो आणि अडकलो, दहा तारखेचं विमान रद्द झालं. टपालाचाही भरवसा नाही, म्हणून हे पत्र लिहून, नातीकडून फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतोय. ज्ञानदाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, हे आज फार सोयीचं आहे.

तर बातमी अशी की आमचा बॉयलर गळतो. तू दचकू नकोस, आपल्या कारखान्याच्या बॉयलरसारखा हा काही राक्षस नव्हे. पोटमाळ्यावर माझ्या खोलीशेजारी भिंतीला टांगलेली सुटकेस म्हण. तिच्यातून गरम पाणी घरभर फिरतं आणि माणसं गारठत नाहीत. तीस गळीत हंगाम काढलेला फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट घरात बसलेला असताना हा गळती हंगाम सुरू झाला, आणि आमचे चिरंजीव गौरव मला म्हणतात, बाबा, तुम्ही हात लावू नका, तुम्ही भाजी निवडा! अरे, या अख्ख्या घरात मला कळणारी वस्तू ही एकच. दूरदर्शन डच, नात अर्धी डच, वॉशिंग मशीन तर पूर्ण डच. बॉयलरही काढून घेतला तर मी इथे कोण? सोफ्यावरची उशी?

मग साहेबांनी स्वतः निदान आरंभलं. आधी बॉयलर बंद करून चालू केला. (आयटीवाल्यांचं रामबाण औषध.) मग खाली बादली ठेवून दर तासाला किती पाणी साचलं याचा तक्ता केला, रंगीत ग्राफ काढला, आणि 'रूट कॉज' या विषयावर जेवणाच्या टेबलावर पाऊण तास बोलला. विशाखा, म्हणजे सूनबाई, ऐकत होती, पण तिचा चेहरा कॅमेरा बंद केल्यासारखा होता. ग्राफ सुंदर आला. बादली भरतच राहिली.

शेवटी मेकॅनिक बोलावला, तर आली एक सहा फुटी बाई. तिच्या अटी फोनवरच ठरल्या होत्या: खिडक्या उघड्या, माणसं दीड मीटर लांब, आणि सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्याला वेगळं ठेवा. म्हणजे बॉयलर उघडला जाणार आणि बॉयलरवाला ज्ञानदाच्या खोलीत कोंडलेला! मी दाराला कान लावला. बाहेर ज्ञानदा आईबापाला बाईच्या डचचं इंग्रजी करून सांगत होती. बाईने दहा मिनिटांत निकाल दिला: बॉयलर धडधाकट आहे. दाब दीड बार हवा, कुणीतरी रोज पाणी भरून तो तीनला नेतंय, तापला की सेफ्टी व्हॉल्व्ह बिचारा उघडतो आणि ठिबकतो. कुणी भरलं? मग गौरव म्हणाला, मी. त्यानंतर विशाखाने त्याला जो धुतला तो मात्र मराठीत होता, मला थेट कळला. दीडशहाण्याने बॉयलरला हात लावला की असंच व्हायचं, दुसरं काय.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर

ता. क. मुख्य काम राहिलंच. गौरव तुला फोन करून माझ्या नोकरीबद्दल खोदून विचारील. दिनकरच्या पाळीत पाणी कधी जास्त झालं नाही, असंच ठणकावून सांग. (झालं होतं. तुला माहीत आहे. गप्प बस.)

ता. क. २. आणि हे पत्र ग्रुपवर टाकू नकोस, कारण पाणी मी भरत होतो. काट्यावर दीड बघून मला लाज वाटायची रे! आपला एकवीसवर चालायचा. इथे सायकलच्या टायरमध्येही चार असतो. रोज पहाटे नळी जोडून तीनपर्यंत न्यायचो, ठिबकून उतरला की पुन्हा भरायचो. बाई यायच्या आधी गौरवने विचारलं होतं, बाबा, तुम्ही हात लावलात का, तेव्हा छे म्हणालो. त्याने एकदाही नळीला हात लावलेला नाही, तरी बाईसमोर आणि बायकोसमोर 'मी' म्हणाला. दाराआड माझी मान खाली गेली.

ता. क. ३. काल बॉयलरवर गौरवच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली, मराठीत: 'बाबांना विचारल्याशिवाय कुणीही पाणी भरू नये.' आज पहाटे नळी घेऊन उभा राहिलो. स्वतःला रीतसर विचारलं. परवानगी मिळाली नाही.