एका विरोधी मताची वाटणी

मी, सावळाराम खंडू रणपिसे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शेती, पूर्वी दौंडला रेल्वेत गँगमन, राहणार मौजे बाभुळवाडी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन हौसराव यांना ही गोष्ट वीस वर्षे पटलेली नाही, पण आज तेच साक्षीदार असल्याने त्यांनी नाइलाजाने मान हलवली आहे.

मरायची मला अजिबात घाई नाही. आणीबाणी उठल्यापासून मला भूकच फार लागते. काल चौथी भाकरी मागितली तेव्हा सून चांगुणा म्हणाली, "मामा, मृत्युपत्र कुणाचं लिवायचंय, तुमचं का आमचं?"

कलम १. राहते घर व पोस्टातील रक्कम पत्नी साखरबाई हिची. रक्कम किती, ते तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तिच्या हयातीत या घरात तिला कोणी "जरा सरका" असेही म्हणू नये. तिच्यामागे घर मुलगा पोपट याचे.

कलम २. रेल्वेतली माझी पहार, फावडे व घमेले पोपटला. वापरावीत, नुसती कोपऱ्यात उभी करू नयेत.

कलम ३. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. माणसे कितीही जमोत, आता जमावबंदी नाही. रडायचे त्यांनी रडावे, ज्यांना रडू येत नाही त्यांना कोणी दटावू नये.

कलम ४. आता खरी इस्टेट. सोसायटीत माझा एक शेअर आहे आणि त्यावर एक मत. वार्षिक सभेत हौसराव ठराव वाचतात आणि विचारतात, "सर्वानुमते मंजूर?" तेव्हा मागच्या भिंतीपासून मी हात वर करतो आणि म्हणतो, "एक विरोध. लिहून घ्या." मी गोदामाला विरोध केला, चेअरमनच्या नव्या खुर्चीला केला, एकदा सभेनंतरच्या भेळेला केला. एका साली सभेत माझा डोळा लागला, तर हौसराव म्हणाले, "सावळाराम उठल्याबिगर ठराव मंजूर झाल्यागत वाटत न्हाई. उठवा त्याला." उठवल्याबरोबर मी काहीही न ऐकता हात वर केला. ठराव आमच्या पोपटच्या लग्नाला सोसायटीची ताडपत्री देण्याचा होता. बहुमताने मंजूर झाला, म्हणून चांगुणेच्या डोक्यावर अक्षता सावलीत पडल्या.

आणीबाणीत आम्ही चौघे दौंडच्या बाजारात तोंडाला पट्टी बांधून गप्प बसलो. घोषणा नाही, फलक नाही. पाच जणांनी जमायला मनाई होती, म्हणून मुद्दाम चौघेच. हवालदार विचारपूस करायला आमच्यात येऊन बसला. मी पट्टी काढून म्हणालो, "साहेब, तुम्ही आलात आन् आपण पाच झालो. आता सगळ्यांनाच धरावं लागंल." त्याने चौघांनाच धरले. एरवी हे हसण्यावारी गेले असते, पण तेव्हा हसायला वरून परवानगी नव्हती. मी वर्षभर आत होतो.

मी आत असताना इकडे सोसायटीत ठराव आला की सावळाराम रणपिसे तुरुंगात असल्याने त्यांचे नाव कमी करावे. सगळे हात वर गेले. त्यात पोपटचाही होता, एक एकर त्याच्या नावावर असल्याने तोही सभासद. घाबरला होता, मला कळते. राग नाही असे मात्र मी लिहिणार नाही. राग आहे, आणि पोर माझे आहे.

चांगुणा तिथे रेशनचे रॉकेल घ्यायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "माझा विरोध हाय." सेक्रेटरी म्हणाला, "बाई, तुम्ही सभासद न्हाई." त्यावर ती म्हणाली, "म्हंजी मला तोंड न्हाई व्हय? लिवा, दारातल्या बाईचा विरोध." कोणी लिहिले नाही. पण हौसरावांनी स्वतःचा वर गेलेला हात खाली घेतला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला. अजून तो पुढच्याच सभेत आहे.

सबब, माझा शेअर चांगुणा पोपट रणपिसे हिला मिळावा. सभासद व्हायला सातबारा लागतो, म्हणून नदीकडची वीस गुंठे जमीनही तिला. बाकी जमीन पोपटची. हे ऐकून पोपट म्हणाला, "आबा, सुनेला शेअर दिला तर लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "म्हणू दे की. म्हणता यावं म्हणून तर वर्ष काढलं आत."

माझ्यामागे त्या सभेत सगळे हात एकदम वर जातील आणि भिंतीपाशी कोणीच नसेल, याची मला खरोखर भीती वाटते. म्हणून मी पुढे अट घातली होती की चांगुणेने दरवर्षी निदान एका ठरावाला विरोध केलाच पाहिजे. हे लिहून घेणाऱ्या ज्ञानदेव गुरुजींनी ती वाचून दाखवली, तेव्हा ती परातीत पीठ तसेच टाकून बाहेर आली.

"ठराव चांगला असला तर?"

"तरी करायचा."

"मग ते आन् तुम्ही एकच की, मामा. ते सांगितल्यावर हात वर करत्यात. मीबी सांगितल्यावरच करायचा?"

हौसराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. चांगुणेने पिठाच्या हातांनी गुरुजींकडून पेन घेतले आणि अट खोडली.

खाडाखोडीबाबत: कलम ४ मधील एक ओळ लाभधारक बाईने माझ्या डोळ्यांदेखत खोडली आहे. कागदाला पीठ लागले आहे ते तिचेच. मला ही खाडाखोड मान्य आहे. तुरुंगाच्या दारातून बाहेर आलो त्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता. आता मी सुखाने मरेन, पण इतक्यात नाही.

सही: सावळाराम खंडू रणपिसे

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली:
१. हौसराव, चेअरमन
२. ज्ञानदेव गुरुजी, लेखनिक

चांगुणेला लाभ असल्याने तिची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही.

स्थळ: बाभुळवाडी
तारीख: ३ मे १९७७, वैशाख पौर्णिमा